वाचकांचे प्रश्न : रेडिओ टेलिटाइप स्पर्धेत उतरताना

हौशी रेडिओवरच्या, म्हणजे ठरलेल्या वेळात जास्तीत जास्त स्थानकांशी संपर्क साधण्याच्या, स्पर्धांविषयी आलेल्या पत्रांपैकी रेडिओ टेलिटाइपविषयीची पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. आरटीटीवाय असे लिहिल्या जाणाऱ्या आणि ऑपरेटर मंडळींच्या बोलण्यात नुसत्या ‘रिटी’ होणाऱ्या या पद्धतीत दोन सुरांच्या अदलाबदलीतून अक्षरे पाठवली जातात. त्यांतल्या एका सुराला मार्क आणि दुसऱ्याला स्पेस म्हणतात, आणि त्यांच्यात १७० हर्ट्झचे अंतर असते. पूर्वी ही अक्षरे खडखडणाऱ्या टेलिप्रिंटरवर कागदावर उमटत. आज ती संगणकाच्या पडद्यावर उमटतात. संकेत मात्र तोच पाच बिटांचा राहिला आहे. त्याचे मूळ एमिल बोदो यांनी १८७४ साली पेटंट घेतलेल्या तारयंत्रात आहे, आणि वेग मोजण्याच्या ‘बॉड’ या एककाला त्यांचेच नाव मिळाले आहे. खालच्या बहुतेक उत्तरांत या पाच बिटांकडे पुन्हा पुन्हा वळावे लागले आहे, कारण वाचकांना आलेल्या बहुतेक अडचणी तेथूनच उगवतात.

प्रश्न : मला परवाना मिळून वर्ष होत आले. मोर्सचा हात अजून बसलेला नाही आणि आवाजी स्पर्धांच्या गर्दीत माझ्या १०० वॉटच्या संचाचा टिकाव लागत नाही. टेलिटाइप स्पर्धेत भाग घ्यावा असे मनात आहे. सुरुवात कोणत्या स्पर्धेपासून करावी? आणि सलग ४८ तास बसावेच लागते का?
— एक नवा परवानाधारक

उत्तर : मुळीच बसावे लागत नाही. आपण चार तास बसलात आणि चाळीस संपर्क केलेत, तरी ते चाळीस संपर्क समोरच्या चाळीस जणांच्या कामी येतात; म्हणून आपण थोडा वेळ आलात याबद्दल कोणी नाराज होत नाही. शिवाय काही स्पर्धांत एकट्या ऑपरेटरच्या वेळेवर नियमानेच मर्यादा आहे. फेब्रुवारीतल्या दुसऱ्या पूर्ण शनिवार-रविवारी होणारी सीक्यू डब्ल्यूपीएक्स आरटीटीवाय ही स्पर्धा ४८ तासांची असली, तरी एकट्याने त्यांपैकी ३० तासच चालवायचे असतात. जानेवारीच्या प्रारंभी होणारा, एआरआरएल या अमेरिकेतल्या हौशी रेडिओ संघटनेचा आरटीटीवाय राउंडअप ३० तासांचा असून त्यातले २४ तास चालवता येतात. मार्चमध्ये ब्रिटिश अमॅच्युअर रेडिओ टेलिडेटा ग्रुपची स्पर्धा असते, आणि सप्टेंबरच्या अखेरच्या पूर्ण शनिवार-रविवारी सीक्यू वर्ल्ड वाइड आरटीटीवाय ही या प्रकारातली मोठी स्पर्धा भरते.

यांपैकी सुरुवात डब्ल्यूपीएक्सने करावी असे माझे मत आहे. वर्ल्ड वाइडमध्ये समोरचा आपल्याला सिग्नल-अहवालाबरोबर आपला क्षेत्र क्रमांक पाठवतो. जगाची अशी ४० क्षेत्रे पाडलेली आहेत, आणि कॉलसाइन, म्हणजे स्थानकाला मिळालेले अक्षर-अंकांचे नाव, पाहताच ते क्षेत्र बहुधा कळून येते. संपर्कांची नोंद ठेवणारा लॉगिंगचा प्रोग्राम तर तो आकडा आधीच भरून ठेवतो. त्यामुळे नव्या ऑपरेटरला आलेला मजकूर न वाचताच एंटर दाबण्याची सवय लागते, आणि ती नंतर सुटता सुटत नाही. डब्ल्यूपीएक्समध्ये मात्र प्रत्येक स्थानक ००१ पासून चढता अनुक्रमांक पाठवते. तो आधी कोणालाच ठाऊक नसतो, म्हणून वाचल्यावाचून गत्यंतर नसते. शिवाय तेथे देशांऐवजी कॉलसाइनचा पूर्वप्रत्यय, म्हणजे त्याचा आरंभीचा भाग, हा गुणक धरला जातो (असे जितके वेगळे गुणक मिळतील तितक्यांनी एकूण गुणांना गुणायचे असते), त्यामुळे लहानसहान स्थानकालाही मागणी असते. दूरच्या खंडातल्या संपर्काला २०, १५ आणि १० मीटरच्या पट्ट्यांवर ३ गुण मिळतात, तर ४० आणि ८० मीटरवर ६. हे शेवटचे दोन पट्टे रात्री दूरवर पोहोचतात, म्हणून रात्रीचे काही तास ज्याला काढता येतात, त्याने ही गोष्ट विसरू नये.

गुणकाचे महत्त्व एका हिशेबावरून ध्यानात येईल. समजा आपले २०० संपर्क झाले, प्रत्येकी ३ गुण धरून ६०० गुण झाले आणि ६० गुणक मिळाले. एकूण धावसंख्या ३६,००० झाली. आता आणखी एक साधा संपर्क केलात तर त्यात १८० ची भर पडते. तोच संपर्क नवा गुणक घेऊन आला, तर ६०३ गुणिले ६१ म्हणजे ३६,७८३ होतात, अर्थात ७८३ ची भर पडते. म्हणून एखाद्या दुर्मिळ स्थानकासाठी दोन-तीन मिनिटे थांबणे परवडते. मात्र तेथेच अर्धा तास अडकून राहणे परवडत नाही.

प्रश्न : मागच्या स्पर्धेत एका स्थानकाचा सिग्नल खणखणीत येत असताना माझ्या पडद्यावर रोमन लिपीत टी-ओ-ओ-ए-क्यू-आर-ए-क्यू-आर असा अर्थहीन शब्द उमटला. मी दोनदा पुनरुच्चार मागितला. दुसऱ्या वेळी सरळ आकडे आले. दोष माझ्या संचात होता की त्यांच्या?
— एक वाचक, ज्यांचे कॉलसाइन आम्ही राखून ठेवले आहे

उत्तर : दोष बहुधा कोणाच्याही संचात नव्हता, एक अक्षर वाटेत हरवले, एवढेच. आणि आपल्याला जे आले ते अर्थहीन नव्हते. ते ‘५९९-१४-१४’ होते, म्हणजे ५९९ हा सिग्नल-अहवाल आणि १४ हा क्षेत्र क्रमांक दोनदा.

पाच बिटांतून ३२ जुळण्या होतात. २६ अक्षरे, १० अंक आणि विरामचिन्हे त्यांत मावत नाहीत, म्हणून एकाच जुळणीला दोन अर्थ दिलेले आहेत आणि त्यांतला कोणता घ्यायचा हे सांगण्यासाठी दोन खास संकेत ठेवले आहेत. एक संकेत येथून पुढे अंक वाचा असे सांगतो, दुसरा अक्षरे वाचा असे सांगतो. त्यांना आपण अंक-संकेत आणि अक्षर-संकेत म्हणू. वाटेत कडाडलेल्या विजेच्या खरखरीत नेमका अंक-संकेत बुडाला, तर पुढचे सगळे अंक अक्षरे म्हणून छापले जातात. ५ चा टी होतो, ९ चा ओ, १ चा क्यू, ४ चा आर आणि आडव्या रेघेचा ए. संगणकाच्या कळफलकावर पाहिलेत तर अंकांच्या लगेच खालची जी अक्षरांची ओळ आहे, तीच ही जोडी आहे : १ खाली क्यू, २ खाली डब्ल्यू, असे करत ० खाली पी. ही ओळ पाठ करून ठेवावी. सरावलेला ऑपरेटर टी-ओ-ओ पाहताच ५९९ वाचतो आणि पुनरुच्चार न मागता पुढे जातो. आपल्या लॉगिंग प्रोग्राममध्ये अशा शब्दावर टिचकी मारली की तो अंकांत बदलण्याची सोयही बहुधा सापडेल.

आता त्या स्थानकाची एक चूक मात्र दाखवली पाहिजे, कारण ती पुष्कळांकडून होते. त्यांनी आकड्यांच्या मध्ये आडवी रेघ घातली. रेघ ही अंकांच्याच बाजूची असल्यामुळे सगळा मजकूर एकाच अंक-संकेताच्या भरवशावर गेला, आणि तो एक बुडताच सारेच बुडाले. रेघेऐवजी मोकळी जागा सोडली असती, तर प्रत्येक मोकळ्या जागेनंतर संगणकाने नवा अंक-संकेत पाठवला असता. आज प्रचलित असलेल्या प्रोग्राममध्ये ही पद्धत रूढ आहे. मग पहिला संकेत हरवला तरी ‘टी-ओ-ओ १४ १४’ असे काही उमटले असते आणि संपर्क तेथेच पूर्ण झाला असता. याची किंमत किती पडते? अंक-संकेत धरून रेघेचा मजकूर दहा अक्षरांचा होतो, मोकळ्या जागेचा बारा. ४५.४५ बॉडच्या वेगात एक बिट २२ मिलिसेकंदांचा असतो. एका अक्षराला एक आरंभ-बिट, पाच मूळ बिट आणि दीड विराम-बिट धरून १६५ मिलिसेकंद लागतात. म्हणजे फरक सेकंदाच्या एक तृतीयांशाचा आहे. एका पुनरुच्चाराला सहज पाच-सहा सेकंद जातात, हे लक्षात घेता मोकळी जागाच स्वस्त पडते.

हरवलेला अंक-संकेत निदान दिसून तरी येतो. न दिसणारी चूक त्याहून घातक असते. या संकेतात चूक ओळखण्याची कोणतीही सोय नाही. ३२ च्या ३२ जुळण्या वापरात असल्यामुळे एक बिट उलटला की दुसरे एखादे वैध अक्षर तयार होते, आणि संगणक ते तितक्याच निःशंकपणे छापतो. १ हा अंक घ्या. त्याच्या पाच बिटांपैकी पहिला उलटला तर ० होतो, दुसरा उलटला तर ६, तिसरा उलटला तर २, चौथा उलटला तर अक्षर-संकेत आणि पाचवा उलटला तर ७. अक्षर-संकेत सोडला तर यांतला एकही निकाल पाहणाऱ्याला खटकणारा नाही. माझ्या पहिल्या डब्ल्यूपीएक्समध्ये एका स्थानकाचा अनुक्रमांक पहिल्यांदा ११७ आणि लगेच दुसऱ्यांदा १७७ असा उमटला. नंतर आलेला तो खरा असेल असे मनाशी ठरवून मी १७७ नोंदवला आणि तो संपर्क गमावला. दोनदा पाठवलेला आकडा दोन वेगळ्या रूपांत दिसला, तर निवड करण्याचा अधिकार आपल्याला नाही, विचारलेच पाहिजे.

प्रश्न : स्पर्धेसाठी फंक्शन कळांवर भरून ठेवायचे संदेश कसे असावेत? माझ्या एका ज्येष्ठ मित्रांच्या संदेशांत नमस्कार, आभार, सिग्नल-अहवालाचे पूर्ण वाक्य असे सगळे असते. ते सौजन्याचे लक्षण नाही का?
— एक विद्यार्थी

उत्तर : आपल्या मित्रांचा हेतू चांगलाच आहे, आणि एरवीच्या गप्पांच्या संपर्कात मी त्यांच्या बाजूने उभा राहीन. स्पर्धेत मात्र सौजन्य म्हणजे समोरच्याचा वेळ वाचवणे. ‘यू-आर आर-एस-टी आय-एस’ एवढ्या शब्दांना शेवटच्या जागेसह मोकळ्या जागा धरून दहा अक्षरे लागतात, म्हणजे १.६५ सेकंद. हजार संपर्कांत त्याची साडेसत्तावीस मिनिटे होतात. आणि तेवढीच मिनिटे तो मजकूर वाचत थांबलेल्या हजार जणांची मिळून जातात.

काटकसर कोठे करू नये, हेही तितकेच सांगितले पाहिजे. ज्या आकड्यावर संपर्क तपासला जातो तो दोनदा पाठवावा, कारण चूक पकडण्याचा तेवढाच मार्ग संकेताबाहेर उरतो. ५९९ हा अहवाल सगळेच देतात, म्हणून तो एकदाच पुरे. समोरच्याचे कॉलसाइन आकड्यांच्या आधी पाठवावे, म्हणजे आपण ते बरोबर वाचले आहे की नाही हे त्याला कळते आणि चुकले असेल तर दुरुस्त करता येते. संपर्क लांबत चालला किंवा सिग्नल डळमळू लागला, तर कॉलसाइन शेवटी पुन्हा पाठवण्यात कमीपणा नाही. उलट पुनरुच्चार मागितल्यावर सगळा संदेश पुन्हा धाडू नये. अनुक्रमांक मागितला असेल तर फक्त अनुक्रमांक तीन-चार वेळा पाठवावा. यासाठी एक वेगळी कळ राखून ठेवावी, ऐन वेळी टंकत बसू नये.

हाक देण्याचा संदेश ‘सीक्यू टेस्ट’, मग आपले कॉलसाइन दोनदा आणि शेवटी पुन्हा ‘सीक्यू’ असा ठेवावा. ‘सीक्यू’ म्हणजे कोणीही उत्तर द्यावे अशी सर्वांना हाक. शेवटच्या शब्दाचे प्रयोजन नवशिक्यांना कळत नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. दुसरा ऑपरेटर डायल फिरवत येतो तेव्हा त्याला आपल्या संदेशाची शेपटीच ऐकू येण्याचा संभव जास्त. तीत नुसते कॉलसाइन दिसले, तर हा हाक देत होता की कोणाला उत्तर देत होता हे त्याला समजत नाही, आणि तो आपली पुढची फेरी ऐकत थांबेल किंवा निघून जाईल. शेपटीला ‘सीक्यू’ दिसले की तो लगेच उत्तर देतो. संपर्क संपवतानाही याच कारणासाठी आभाराचा संक्षेप, समोरच्याचे कॉलसाइन, आपले कॉलसाइन आणि ‘सीक्यू’ असा क्रम ठेवावा.

प्रत्येक संदेशाच्या आरंभी नवी ओळ आणि अखेरीस एक मोकळी जागा हवी. सिग्नल नसताना पडद्यावर खरखरीची अक्षरे सतत उमटत असतात. ती आपल्या कॉलसाइनला चिकटली की समोरच्याचा प्रोग्राम त्याला कॉलसाइन म्हणून ओळखत नाही.

दुसऱ्याच्या हाकेला उत्तर देताना फक्त आपले कॉलसाइन पाठवावे, सिग्नल कमजोर असेल तर दोनदा. त्याचे कॉलसाइन त्याला परत ऐकवण्याची गरज नाही.

प्रश्न : गेल्या स्पर्धेनंतर दोन ऑपरेटरांनी मला कळवले की माझा सिग्नल फार पसरत होता आणि शेजारच्या वारंवारतेवर त्यांना काम करता आले नाही. मी संगणकातून ध्वनी देतो आणि संच पूर्ण १०० वॉटवर ठेवतो. संचही बराच तापला होता. काय करावे?
— एक खेद वाटलेला वाचक

उत्तर : त्या दोघांनी कळवले हे चांगले झाले. बहुतेक जण मुकाट्याने दुसरीकडे सरकतात आणि दोष वर्षानुवर्षे तसाच राहतो.

संगणकातून सूर देण्याच्या पद्धतीला एएफएसके म्हणतात. तीत सगळा भार ध्वनीच्या शुद्धतेवर असतो. संचाची शक्ती आपोआप आवरणाऱ्या एएलसीच्या दर्शकाचा काटा जागचा हलता कामा नये, इतकाच ध्वनी द्यावा. काटा हलू लागला की ध्वनी जास्त झाला असे समजावे. सूर विकृत होतात आणि त्यांच्या विकृती दोन्ही बाजूंना पसरतात. आवाजासाठी लावलेला स्पीच प्रोसेसर बंद आहे ना, हे पाहावे. आवाजी स्पर्धेनंतर तो तसाच चालू राहिलेला मी अनेकांकडे पाहिला आहे. संगणकाच्या सूचनांचे टुणटुण आवाज रेडिओकडे जाणाऱ्या साउंड कार्डावर जाणार नाहीत, याची व्यवस्था करावी.

सूर कोणते निवडलेत, हेही तपासावे. २१२५ आणि २२९५ हर्ट्झची जोडी रूढ होण्यामागे चांगले कारण आहे. २१२५ चा दुप्पट सूर ४२५० हर्ट्झवर पडतो, म्हणजे संचाच्या प्रेषण-फिल्टरच्या बाहेर, आणि तेथेच मरतो. कानाला बरे वाटते म्हणून हजार हर्ट्झच्या आसपासचे सूर घेतले, तर त्यांचे दुप्पट सूर फिल्टरच्या आतच राहतात आणि हवेत जातात. आपल्या संचात खऱ्या एफएसकेची सोय असेल, म्हणजे संगणकाने फक्त चालू-बंद असा इशारा द्यावा आणि सूर संचाने स्वतः घडवावेत, तर ध्वनीच्या पातळीची ही सगळी कटकटच उरत नाही. पण नीट जुळवलेल्या एएफएसकेमध्ये मला कमीपणा दिसत नाही.

शक्तीविषयी : मोर्समध्ये ठिपके आणि रेघांच्या मध्ये संच विसावतो, बोलण्यातही शब्दांच्या मध्ये विसावतो. टेलिटाइपमध्ये मार्क असो वा स्पेस, एक सूर सतत चालू असतो. प्रेषणाच्या आरंभापासून शेवटापर्यंत संच पूर्ण भारावर राहतो. म्हणून बहुतेक १०० वॉटचे संच या प्रकारात ५० वॉटच्या आसपास चालवावेत. अर्धी शक्ती म्हणजे ३ डेसिबेलची घट, सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या एस-दर्शकावर अर्धे घर. समोरच्याच्या पडद्यावर फारसा फरक पडत नाही. आपल्या संचाच्या आयुष्यात पडतो.

प्रश्न : मी मित्राला १४.०८५ मेगाहर्ट्झवर बोलावले, तो तेथे आला, पण त्याला माझा सिग्नल सुमारे २ किलोहर्ट्झ दूर सापडला. दोघांचेही संच नवे आहेत.
— एक वाचक

उत्तर : दोन्ही संच बरोबर आहेत. आपला संच एलएसबीवर, म्हणजे वाहक-लहरीच्या खालच्या बाजूवर, असेल, तर त्याच्या दर्शकावरची वारंवारता ही दडपलेल्या वाहक-लहरीची असते आणि खरा मार्क तिच्या २१२५ हर्ट्झ खाली, म्हणजे १४.०८२८७५ वर असतो. मित्राचा संच आरटीटीवाय या खास स्थितीत असेल, तर तो बहुधा मार्कचीच वारंवारता दाखवतो. लॉगिंग प्रोग्राममध्ये ही दुरुस्ती एकदा भरून ठेवावी. १४.१०० वर जगभरातल्या दीपस्तंभ-स्थानकांची, म्हणजे फक्त खुणेचे सिग्नल पाठवणाऱ्या स्थानकांची, साखळी चालते. तेथे गर्दीतही कोणी हाक देऊ नये, आणि आपण तिच्यापासून खरोखर किती दूर आहोत हे मोजताना हाच २ किलोहर्ट्झचा फरक आठवावा. आणखी एक : चुकून यूएसबी, म्हणजे वाहक-लहरीची वरची बाजू, निवडली गेली तर मार्क आणि स्पेस उलटे होतात, सूर अगदी नेमके जुळलेले दिसतात आणि मजकूर मात्र संपूर्ण निरर्थक येतो.

प्रश्न : सिग्नल कानाला स्पष्ट ऐकू येतो, धबधब्यासारख्या चित्रात दोन्ही रेघा ठळक दिसतात, तरीही मजकूर तुटक येतो. प्रोग्राम बदलून पाहावा का?
— एक अनुभवी मोर्स ऑपरेटर

उत्तर : बदलू नये, दुसरा जोडीला लावावा. आयनांबरातून आलेला सिग्नल एकाहून अधिक वाटांनी येतो आणि त्या वाटा एकमेकींत मिसळताना कधी नुसता मार्क, कधी नुसता स्पेस विरून जातो. कानाला उरलेला सूर ऐकू येतो, म्हणून सिग्नल चांगला वाटतो. ध्रुवप्रदेशावरून आलेल्या सिग्नलांत तर एक प्रकारची थरथर असते. यांतली प्रत्येक स्थिती वेगळ्या उपायाने सुधारते, आणि सर्व स्थितींत सरस ठरेल असा डीकोडर, म्हणजे सुरांतून मजकूर उकलणारा प्रोग्राम, मी अजून पाहिलेला नाही. म्हणून एमएमटीटीवाय आणि टूटोन यांसारखे दोन डीकोडर एकाच ध्वनीवर शेजारी-शेजारी चालवण्याची पद्धत स्पर्धकांत रूढ आहे. एकाच सिग्नलचे दोन स्वतंत्र पाठ डोळ्यांसमोर राहतात. दोन्ही जुळले तर विश्वास ठेवावा, न जुळले तर विचारावे.

त्याआधी रिसीव्हरकडे पाहावे. ५०० हर्ट्झचा फिल्टर सुरुवातीला पुरे. शेजारी बलवान स्थानक असेल तर २५० पर्यंत आवळावा, त्याहून अरुंद केल्यास सिग्नलच कुरतडला जातो. नॉइज ब्लँकर आणि ध्वनी सुधारणारी अंकीय प्रक्रिया बंद ठेवावी, कारण ती कानासाठी बनवलेली आहे, डीकोडरसाठी नव्हे. आपोआप सूर जुळवणारी एएफसी एकाकी सिग्नलवर उपयोगी पडते, पण दाटीवाटीत ती बलवान शेजाऱ्याकडे ओढली जाते. आपल्यासारख्या मोर्सच्या कानाला महिनाभरात डायल फिरवताना सूर ओळखून नेमके थांबता येऊ लागेल. ते कसब सगळ्या खिडक्यांहून जास्त उपयोगाचे आहे.

प्रश्न : एफटी८ सारखे आधुनिक प्रकार कानाला ऐकू न येणारा सिग्नलही उकलतात. मग स्पर्धेसाठी टेलिटाइप का शिकावे?
— एक संगणक अभियंता

उत्तर : एफटी८ २०१७ साली आले आणि दुबळ्या सिग्नलांसाठी ते खरोखर अद्भुत आहे. त्यात चूक ओळखण्याची आणि सुधारण्याची गणिती योजना आहे. म्हणून पडद्यावर उमटलेल्या ओळीवर जवळजवळ नेहमी विसंबता येते. त्याची किंमत अशी की प्रत्येक पाळी १५ सेकंदांची ठरलेली असते आणि संपर्क पुरा व्हायला साधारण मिनिट-दीड मिनिट लागते. टेलिटाइपमध्ये पाळीचे घड्याळ नाही. सिग्नल चांगले असतील तर दहा-पंधरा सेकंदांत संपर्क होतो, आणि कुशल ऑपरेटर तासाला शंभराहून अधिक संपर्क करतो. कोणाला आधी घ्यायचे, कोणाला पुन्हा विचारायचे, हाक देत राहायचे की गुणक शोधत फिरायचे, हे क्षणोक्षणी त्यालाच ठरवावे लागते. चूक सुधारण्याची जी योजना संकेतात नाही, ती ऑपरेटरच्या डोक्यात असते. मला या स्पर्धांची ओढ आहे ती याच कारणाने, आणि आपल्याला संगणकाची जाण असल्यामुळे ही गोष्ट आपल्याला माझ्याहून चांगली कळेल असे वाटते.

प्रश्न : माझे ६२ संपर्क झाले आहेत. इतका छोटा लॉग पाठवण्यात अर्थ आहे का? पाठवण्यापूर्वी शंकास्पद कॉलसाइन इंटरनेटवर पडताळून दुरुस्त करावीत का? आणि जी स्थानके मला दुसऱ्यांदा हाक देतात, त्यांना ‘आपला संपर्क झाला आहे’ असे सांगावे का?
— गेल्या स्पर्धेत प्रथमच भाग घेतलेल्या एक वाचक

उत्तर : लॉग अवश्य पाठवावा. तपासणी लॉग एकमेकांशी ताडून होते. आपल्या ६२ ओळींमुळे ६२ इतरांच्या नोंदी पडताळता येतात. कॅब्रिलो या ठरलेल्या स्वरूपातली फाइल लॉगिंग प्रोग्राम स्वतः तयार करून देतो. पाठवण्याची मुदत सीक्यूच्या स्पर्धांत, म्हणजे डब्ल्यूपीएक्स आणि वर्ल्ड वाइडमध्ये, ५ दिवसांचीच आहे, म्हणून सोमवारीच ते काम उरकावे. वेळा यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, आहेत ना, आणि शक्तीचा वर्ग बरोबर निवडला ना, एवढे पाहावे.

स्पर्धा संपल्यावर कॉलसाइन शोधून दुरुस्त करणे मात्र सीक्यूच्या नियमांना मान्य नाही. जे हवेत ऐकले, वाचले आणि विचारून घेतले, तेच लॉगमध्ये राहिले पाहिजे. टंकताना झालेली चूक आपण त्याच वेळी कागदावर टिपून ठेवली असेल, तर ती गोष्ट वेगळी. स्पर्धा चालू असतानाही असेच भान ठेवावे. प्रोग्राममधली ज्ञात कॉलसाइनांची यादी किंवा क्लस्टरवरची, म्हणजे कोण कोठे ऐकू येत आहे हे कळवणाऱ्या इंटरनेटवरच्या जाळ्यावरची, सूचना आपल्याला संशय घ्यायला मदत करते. ती पुरावा नव्हे. क्लस्टरवरची कित्येक कॉलसाइने स्वयंचलित रिसीव्हरांनी उकललेली असतात, आणि त्या रिसीव्हरांनाही तेच पाच बिट वाचावे लागतात. सूचनेवर टिचकी मारून वारंवारतेवर गेलात, तरी त्या स्थानकाने स्वतः आपले कॉलसाइन पाठवलेले दिसेपर्यंत नोंद करू नये. क्लस्टरचा वापर केल्यास कोणता वर्ग लागू होतो, हे त्या त्या स्पर्धेच्या नियमांत आधी पाहून ठेवावे.

दुसऱ्यांदा हाक देणाऱ्याला नकार देऊ नका. आपल्या लॉगमध्ये तो असला, तरी त्याच्या लॉगमध्ये आपण नसाल. पहिल्या वेळी त्याच्या पडद्यावर आपला शेवटचा संदेश कदाचित उमटलाच नसेल. त्याच्याशी वाद घालायला जितका वेळ लागतो त्याहून कमी वेळात संपर्क पुन्हा होतो. दुबार नोंदीला गुण मिळत नाहीत, पण दंडही होत नाही. तिला लॉगमध्ये तशीच राहू द्यावी, काढून टाकू नये.